मरेपर्यंत सांभाळा, मग घर तुमचं

"मरेपर्यंत मला सांभाळा, शेवटी माती द्या, मग घर तुमचं." एकट्या म्हातारीने शेजाऱ्यांना दिलेला असा शब्द आपल्याकडे बहुधा तोंडीच राहतो आणि पुढे भाऊबंदकीत बुडतो. सर्बिया-क्रोएशियात त्याचा रीतसर करार होतो. सांभाळणारा कुणी परकाही चालतो. मात्र करार पक्का व्हायला कित्येक दशकं न्यायाधीशापुढेच जावं लागे.

मूळ कल्पना शेतकऱ्यांची. ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या मुलखात शेत मुलाच्या नावावर करताना बाप एक खोली, वर्षाचं धान्य, दूध, सरपण असं सगळं लिहून घेई. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात (सर्बिया आणि क्रोएशिया तेव्हा याच देशात होते) तरुण शहरांकडे गेले आणि गावात म्हातारे उरले. जमीन होती, करणारं कुणी नव्हतं.

१९५५ च्या युगोस्लाव वारसा कायद्याने या कराराला चौकट दिली. करार करून वारस नेमण्याला त्याच कायद्याने बंदी केली होती, मग हा कसा चालला? कायद्याने तो व्यवहार मानला: मिळकत द्यायची, मोबदला म्हणून सांभाळ घ्यायचा. मालकी मात्र म्हातारीच्या मृत्यूनंतरच बदलते. गोम पुढे आहे. अशी मिळकत वारशात धरलीच जात नाही, त्यामुळे सख्ख्या मुलांचा हक्काचा हिस्साही तिच्यातून निघत नाही.

म्हणून न्यायाधीश. त्याने नुसती सही करून भागत नसे. करार दोघांना वाचून दाखवायचा आणि परिणाम समजावून सांगायचे, हे त्याच्यावर बंधनकारक होतं. हे टाळून केलेला करार रद्दबातल. सर्बियाच्या १९९५ च्या कायद्यानेही हे कायम ठेवलं. शिवाय डॉक्टर, परिचारिका किंवा संस्था पेशा म्हणून त्या व्यक्तीची देखभाल करत असेल, तर त्यांच्याशी असा करार करायला पालकत्व पाहणाऱ्या सरकारी खात्याची आधी संमती हवी. ही अट मला सगळ्यात शहाणी वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडून सही घेणं कुणाला सोपं असतं, हे कायदा करणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

न्यायाधीशाच्या सहीनंतरही करार मोडू शकतो. दोघांचं पटेनासं झालं तर कोर्टाकडून सुटका मागता येते. आणि वय किंवा आजारपणामुळे मरण इतकं जवळ होतं की सांभाळणाऱ्याला काही जोखीमच नव्हती, असं दिसलं तर वारस करार रद्द करून घेऊ शकतात. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आठवेल: सांभाळाच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण रद्द करू शकतं. पण आपल्याकडे ही तपासणी भांडण झाल्यावर. तिथे सहीच्या वेळीही.

क्रोएशियाने २००६ पासून लागू झालेल्या कायद्यात हा विषय वारसा कायद्यातून काढून करारांच्या कायद्यात नेला. त्या कायद्याने न्यायाधीश किंवा नोटरी, कुणीही चालेल असं ठरवलं. सर्बियात १ सप्टेंबर २०१४ पासून हे काम नोटरींकडे आलं. कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा आपला नोटरी इथे डोळ्यांपुढे आणू नये. तिथला नोटरी सरकारने नेमलेला कायदेतज्ज्ञ. नोटरींना मिळालेल्या मक्तेदारीवर तिथल्या वकिलांनी चार महिन्यांहून जास्त काळ संप केला. करार वाचून दाखवायचं आणि धोका सांगायचं काम आता नोटरीचं आहे.