शुक्रवारचा सूर्यास्त आणि विमानाचे तिकीट
परदेशी निघणाऱ्या आमच्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू) ग्राहकांसाठी

शालोम. ठाण्यात तिकिटे काढायचा धंदा करायचा, तर टेंभी नाक्याजवळचे 1879 सालचे शार हशामाईम सिनेगॉग आणि तिथली माणसे ओळखीची होतातच. आम्ही स्वतः ज्यू नाही. जे इथे लिहिले आहे ते अलिबाग, पेण, भायखळा आणि ठाण्याच्या घरांतून आलेल्या आंटी-अंकलनी, काही वेळा आमचे कान पिळून, शिकवलेले आहे. काय चालते आणि काय नाही हा निर्णय तुमच्या हजानचा (सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांचा) किंवा रब्बींचा (धर्मगुरूंचा). तो निर्णय प्रवासात पाळता यावा, इतकी सोय करणे हे आमचे काम.

शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंतचा विसाव्याचा दिवस, मोडतो तो बहुधा तिकीट काढतानाच. विमानतळावर पोचल्यावर फार थोडे हातात उरते. म्हणून आमच्याकडे येताना भाडे किती पडेल हे विचारण्याआधी शुक्रवार कुठे येतो ते पाहू.

"शनिवारी रात्रीचे तिकीट"

ही चूक आमचीच, आणि आम्ही ती विसरलेलो नाही. पेणच्या एका काकांनी सांगितले, "शनिवारी रात्रीचे काढा, हावदाला (शब्बाथ संपल्याचा विधी) करून निघतो." आमच्या मुलाने काढून दिले: शनिवार, 02:10. काकांनी काउंटरवरच चष्मा पुसला, तिकीट डोळ्यांजवळ धरले आणि म्हणाले, "अहो, ही तर शुक्रवारची रात्र. घरात शब्बाथचे दिवे लावून मी विमानतळावर जाऊ?" त्यांचे बरोबर होते. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि मध्यरात्र उलटली की तारीख बदलते. शनिवार 02:10 म्हणजे शुक्रवारी रात्री घर सोडायचे. हावदालानंतरचे विमान हवे असेल तर तिकिटावर रविवार छापलेला असायला हवा. बदलाचे पैसे आम्ही भरले. तेव्हापासून तुमच्या तिकिटाच्या पाकिटावर "घर सोडण्याचा वार" पेनाने लिहून देतो. तो वार तपासूनच पाकीट घ्या.

गुरुवारी रात्री निघणे, म्हणजे तिकिटावर शुक्रवार, हे उन्हाळ्यात निर्धास्त आहे. लंडनला सकाळी उतरता आणि जूनमध्ये तिथे सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. डिसेंबरचे गणित निराळे. तेव्हा लंडनचा सूर्यास्त दुपारी चारच्याही आधी होतो, आणि दिवे त्याच्या 18 मिनिटे आधी लावायचे. वाटेत विमान बदलायचे असेल आणि पहिलेच चार तास उशिरा सुटले, तर शब्बाथ तुम्हाला सामानाच्या पट्ट्यापाशी गाठतो. हिवाळ्यात थेट विमान घ्या, नाहीतर बुधवारी रात्री निघा. एक रात्र हॉटेलची जास्त पडते, पण आम्ही याच्यावर हट्ट धरतो.

परतीकडे कोणाचे लक्ष नसते. न्यूयॉर्कहून गुरुवारी रात्री निघालात तर मुंबईत शुक्रवारी रात्री उतराल, तोवर दिवे लागून गेलेले. गुरुवारी सकाळचे विमान मिळाले तर शुक्रवारी दुपारी घरी, पण त्यातही उशिराला फार जागा नाही. परत यायला रविवार ते बुधवार हेच सुटण्याचे वार धरा.

वेळ नेहमी तुम्ही जिथे आहात तिथली. मुंबईचा सूर्यास्त वर्षभर साधारण सहा ते सव्वासात-साडेसातच्या आतच फिरतो, त्यामुळे आपल्याला "संध्याकाळ" म्हटले की एक ठरावीक वेळ डोळ्यांसमोर येते. उत्तरेकडे ती सवय सोडावी लागते. जूनमध्ये लंडनला शनिवारी रात्री दहा वाजून गेले तरी शब्बाथ सुटलेला नसतो. आइसलँडमध्ये त्याच दिवसांत सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास टेकतो, आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाला टेकतच नाही. मध्यरात्रीचा सूर्य पाहायचाच असेल तर रविवारी जा आणि शुक्रवारच्या आत दक्षिणेला या. तिथे कोणत्या घड्याळाने शब्बाथ धरायचा यावर रब्बींमध्येही एकमत नाही.

जपान आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी आणखी एक विचारून घ्यावे. ज्यू धर्मशास्त्राच्या हिशेबाने दिनरेषा, म्हणजे वार बदलतो ती रेषा, नेमकी कुठून जाते, हा जुना वाद आहे. 1941 मध्ये युरोपातून निसटून जपानच्या कोबे शहरात पोचलेल्या येशिवाच्या (धर्मपाठशाळेच्या) विद्यार्थ्यांना योम किप्पुरचा (प्रायश्चित्ताच्या दिवसाचा) उपास बुधवारी धरायचा की गुरुवारी, असा प्रश्न पडला होता आणि पवित्र भूमीतून आलेली उत्तरे एकमेकांशी जुळली नव्हती. तुमचा प्रश्न त्या मानाने साधा आहे, पण तो निघण्याआधी विचारा.

विमानातले कोशर जेवण

कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेले, जेवण तिकिटासोबतच मागवावे लागते. विमान कंपन्यांच्या भाषेत त्याचे नाव केएसएमएल. कमीत कमी दोन दिवस आधी नोंद हवी, आणि ती प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी. मुंबई ते दुबई नोंदवले म्हणजे दुबई ते पॅरिस आपोआप नोंदले जात नाही. तिकिटाची तारीख बदलली की ही नोंद हमखास गळते. बदल केलात तर आम्हाला सांगा, आम्ही पुन्हा घालतो. स्वस्त भाड्याच्या बऱ्याच कंपन्यांत ही सोयच नसते.

जेवण येते ते मोहोरबंद, दोन पदरी वेष्टनात, वर कोणत्या रब्बीनिकल संस्थेच्या देखरेखीखाली झाले त्याची चिठ्ठी. गरम करायचे तेही बंदच. विमानातली मुलगी मदत म्हणून वरचा पदर काढून ओव्हनमध्ये ठेवते आणि तिथेच सगळे वाया जाते. म्हणून बसल्या बसल्याच तिला सांगा: "आधी बंद पाकीट मला दाखवा, मी न उघडता परत देईन."

शाकाहारी जेवण म्हणजे कोशर नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको, पण तुमच्याबरोबर निघालेल्या शेजाऱ्यांना सांगावे लागते. चीजमध्ये जनावराच्या पोटातले रेनेट असू शकते, पुडिंगमध्ये जिलेटिन, सॅलडमध्ये द्राक्षाच्या वाइनचा व्हिनेगर, शिवाय ओव्हन कोणता हा प्रश्न आहेच. तुमच्या स्वयंपाकात मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध असल्यामुळे मांस आणि दूध एकत्र न खाण्याची अडचण घरी कधी जाणवत नाही. बाहेर रश्शात क्रीम असते.

म्हणून पिशवीत घरच्या चपात्या, चटणी, चिक्की, सुका मेवा ठेवाच. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून नेता येत नाहीत, कोशर असले तरी. ऑस्ट्रेलियात तर तपासणी त्याहून कडक. आणखी एक, खास आपल्याकडचे: मुलीकडे मलिद्याला (पोहे, खोबरे, फळांचा विधीतला प्रसाद) लागेल म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. तेलामुळे खोबरे तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. पोहे खुशाल न्या. नारळ आणि फळे तिथे मिळतात, एलियाहू हन्नावीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाचा मलिदा इस्राएलच्या डिमोनात काय नि लंडनमध्ये काय, उत्तम होतो.

किद्दुशसाठी (शब्बाथच्या सुरुवातीला पेल्यावर म्हणायची प्रार्थना) काळ्या मनुका न्या आणि शरबत तिथे करा. बाटली भरून नेलीत तर हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा जास्त चालणार नाही. काडेपेटी आणि लायटरही तिथेच घ्या.

तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि डोक्याला पट्ट्यांनी बांधायच्या चामड्याच्या डब्या) हातातल्या पिशवीत ठेवा, सामान हरवले तरी ते हरवू नये. एक्स-रेमधून गेल्याने त्यांना काही होत नाही. अधिकारी विचारील, डबीत काय आहे? "प्रार्थनेचे आहे, आत चर्मपत्र आहे" एवढे पुरते. विमानात बांधायचे असतील तर आधी कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा. जानेवारी 2010 मध्ये न्यूयॉर्कहून केंटकीला निघालेल्या विमानात एका तरुणाने तेफिलीन बांधले, कर्मचाऱ्यांना त्या पट्ट्या आणि डब्या म्हणजे भलतेच काही वाटले आणि विमान फिलाडेल्फियाला उतरवले गेले. मुलगा निर्दोष होता.

हॉटेल

खालचा मजला आणि जवळचा जिना मागा. बाकी सगळे त्यानंतर. हल्ली किल्ली म्हणजे कार्ड, आणि कार्ड म्हणजे वीज. जुन्या हॉटेलांत साधी किल्ली अजून मिळते. आम्ही नोंदणीच्या वेळीच लेखी मागतो. नसेल तर शनिवारी रिसेप्शनवरचा माणूस दार उघडून देईल का, हे आधी ठरवून ठेवतो. दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावरच खोलीत वीज येते, तिथे दुसरे कार्ड शुक्रवारीच आत घालून ठेवा. माणूस दिसला की पेटणारा बाथरूममधला दिवा, फ्रिजमधला दिवा, आपोआप सरकणारे मुख्य दार, हे सगळे शुक्रवारी दुपारी फिरून बघा. आमच्या एक आंटी बॅगेत चिकटपट्टीचे रीळ ठेवतात. त्या हॉटेलमध्ये शिरल्यावर आधी बटणे बघतात, नंतर खिडकीतले दृश्य.

खोलीत ज्योत पेटवली की धूर ओळखणारी यंत्रे कोकलतात. दिवे कुठे लावायचे ते हॉटेलला विचारा, काही ठिकाणी भोजनगृहात ताट मांडून देतात. विजेच्या दिव्यावर भागते का, ते रब्बींना विचारून निघा.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे शनिवारी सकाळी अकराला खोली सोडणे. सामान उचलायचे, सही करायची, टॅक्सी बोलवायची, यातले काहीच तुम्ही करणार नाही. म्हणून शनिवारची रात्रही घ्यावी लागते, हावदालानंतर निघणार असलात तरी. न्याहारीच्या पावतीवरची सहीसुद्धा शुक्रवारीच उरकून घ्या.

याच कारणाने आठ दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या बसच्या सहली आम्ही तुम्हाला विकत नाही. शनिवारी सकाळी साडेसातला बस सुटते आणि ती कोणासाठी थांबत नाही. एक शहर, सिनेगॉगपासून पायी जाता येईल असे हॉटेल, आणि शनिवार निवांत. सिंगापूर त्यासाठी फार सोपे: वॉटर्लू स्ट्रीटवर 1878 चे माघेन अबोथ सिनेगॉग आहे आणि आवारात कोशर जेवणाची सोय. अँटवर्पला रेल्वे स्टेशनजवळच्या हिऱ्यांच्या पेठेत कोशर दुकाने आहेत, लंडनला गोल्डर्स ग्रीन, पॅरिसला मारे. अबू धाबीतही 2023 पासून सिनेगॉग उघडले आहे.

युरोपातल्या सिनेगॉगात आपल्यासारखे सरळ आत शिरता येत नाही. दारावर पहारा असतो, पासपोर्ट मागतात, प्रश्न विचारतात: कोणता सण नुकताच झाला, घरी कोणत्या सिनेगॉगात जाता. भारतातून आलेला ज्यू म्हटल्यावर भुवया उंचावतात, त्याचा राग मानू नका. आठवडाभर आधी ईमेल करून नाव नोंदवले आणि तुमच्या सिनेगॉगचे पत्र जोडले की शब्बाथला कागद खिशात बाळगावा लागत नाही. एरुव्ह (शब्बाथला वस्तू बाळगता याव्यात म्हणून आखलेली हद्द) असलेल्या भागात बाळगणे चालते, पण तुमचे हॉटेल त्याच्या आत आहे का ते नकाशावर बघावे लागते. रस्त्यावर किप्पावर (ज्यूंची छोटी गोल टोपी) साधी टोपी घाला, असे आम्ही सुचवतो.

इस्राएलला जाताना

अश्दोद, लोद, डिमोनाला नातलगांकडे जाणाऱ्यांना आम्ही काय सांगणार. तरी तीन गोष्टी. शुक्रवारी दुपारनंतर बस आणि रेल्वे बहुतेक ठिकाणी थांबतात, तेव्हा सकाळी उतरा. जेरुसलेममध्ये दिवे सूर्यास्ताच्या 40 मिनिटे आधी लावतात, 18 नव्हे. आणि पेसाखला (इजिप्तमधून सुटकेच्या सणाला) दुकानातल्या पाकिटावर हिब्रूत "फक्त कितनियोत खाणाऱ्यांसाठी" असे लिहिलेले दिसले तर घाबरू नका. ती सूचना पेसाखला कितनियोत, म्हणजे तांदूळ आणि डाळी, न खाणाऱ्या अश्केनाझी (युरोपीय ज्यू) घरांसाठी आहे, तुमच्या घरी भात चालतोच. सणाचे दिवस तिथे सात धरतात, इथे आठ. पाहुण्याने किती पाळायचे हे हजानना विचारा.

दारफळणीचा सण (योम किप्पुर), बिरड्याचा रोजा (मंदिरनाशाच्या शोकाचा उपास) यांच्या आसपास प्रवास असेल तर तोही आधी सांगा. पश्चिमेकडे उडताना सूर्य मागे मागे येतो आणि दिवसभराचा उपास काही तासांनी लांबतो.

नोंदणीला येताना पासपोर्ट, हिब्रू कॅलेंडर, आणि घरात कोणाला मधुमेह वा रक्तदाबाची औषधे असतील तर त्यांची यादी आणा. शनिवारी तुमचा फोन बंद असतो हे आम्हाला माहीत आहे. उड्डाणात बदल झाला तर आम्ही हॉटेलच्या रिसेप्शनवर छापील निरोप ठेवतो, हावदाला झाल्यावर तो मागून घ्या.