‘मागची सीट’ म्हणजे कोणती? एका पट्ट्याची पार्श्वभूमी

४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्याला धडकली. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गेलेल्यांत देशातले एक बडे उद्योगपती असल्यामुळे पुढे आठवडाभर ‘आता मागेही सीट बेल्ट सक्तीचा’ अशा बातम्या चालल्या. त्यातला ‘आता’ चुकीचा होता. नियम जुनाच होता, पाळला जात नव्हता इतकंच.

तीन बिंदूंचा पट्टा १९५९ मध्ये स्वीडनमध्ये आला. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. पुढच्या दोन सीटना पट्टे देण्याचं बंधन कारखान्यांवर आलं ते १९९४ पासून, आणि या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मागची सीटही त्यात आली. नियम १३८ च्या तिसऱ्या पोटनियमात चालक, शेजारचा आणि ‘पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरचे’ प्रवासी, अशा सगळ्यांनी गाडी चालू असताना पट्टा लावायचा असं लिहिलं आहे. तो मोडला तर दंड तेव्हा शंभर रुपये होता, म्हणजे नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला कोणी अडवलंच तर चहापाण्यात भागेल असा. सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९४-ब आलं, दंड हजारावर गेला आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर जबाबदारी चालकाची झाली. महाराष्ट्राने नव्या दंडांचा अंमल मात्र डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवला.

खरी गुंतागुंत ‘पुढे तोंड असलेल्या’ या तीन शब्दांत आहे. नाशिकमध्ये ‘मागची सीट’ म्हटलं की दोन वेगळ्या जागा डोळ्यासमोर येतात. एक म्हणजे मोटारीतली चालकामागची रांग. दुसरी बोलेरो, सुमो, ट्रॅक्सच्या डिकीतली, समोरासमोर गुडघे भिडवून बसायची आडवी बाकडी. त्र्यंबक आणि पेठ रस्त्यावरच्या काळ्या-पिवळ्यांमध्ये निम्मे उतारू तिथेच असतात. पहिल्या जागेला नियम लागू आहे. दुसरीवर बसणाऱ्याचं तोंड बाजूला, म्हणून पोटनियमाच्या शब्दांत तो बसतच नाही. मूळ मसुदा करणाऱ्यांची बाजू समजण्याजोगी आहे. आडव्या सीटला पट्टा दिला तरी समोरून धडक बसल्यावर माणूस बाकावरून पुढच्या बाजूला घसरतो, कंबर अडकते आणि धड पिळलं जातं. म्हणजे पट्टा असला तरी भरवसा कमी. पण याचा सरळ अर्थ ती जागाच धोक्याची आहे असा होतो, आणि नियमाने तेवढं म्हणायचं टाळलं. त्यातून जो समज पसरला तो उलटा: ‘मागे पट्टा लागत नाही’. मोटारीच्या मागच्या सीटवर बसणाराही तेच ऐकवतो.

हिशोब करून पाहावा. साठ किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटरवरून एक दशांश सेकंदात थांबला, तर अंगावर सुमारे साडेआठशे किलो वजनाइतका रेटा येतो. मागच्याने पट्टा लावलेला नसेल तर तो रेटा पुढच्या सीटच्या पाठीवर जातो, म्हणजे पट्टा लावून बसलेल्या चालकावर.

जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटच्या पट्ट्यांची टींटीं आणि वेगाचा इशारा (८० च्या पुढे थांबून थांबून, १२० नंतर सलग) आला. लगेच ती टींटीं गप्प करणारी क्लिपही बाजारात आली. पट्ट्याची जीभ जिथे बसते त्या बकलमध्ये नुसती क्लिप खोचायची. २०२३ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशा क्लिपा हटवायला लावल्या. तेरा हजारांहून जास्त जाहिराती निघाल्या. मागच्या सीटची गोष्ट आणखी साधी आहे: सोफ्यासारखं जाड सीट कव्हर चढवताना बकल फटीत ढकलतात आणि तिथेच ती वर्षानुवर्षं राहतात. कव्हर बसवून घेताना तिन्ही बकल वर काढून, पट्टा लावून पाहावा. पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅगचं लेबल असेल तर त्या बाजूची शिवण मोकळी हवी, नाहीतर एअरबॅग फुगायला वाट मिळत नाही.

पट्टा कमरेच्या हाडांवर, मांड्यांच्या मुळाशी बसला पाहिजे, पोटावर नव्हे. गरोदर बाईने तो पोटाखालून घ्यावा. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध. कसाऱ्याचा घाट संपला की शेजारचा सीट आडवी करून झोपतो, हे त्याहून वाईट. धडकेत तो पट्ट्याखालून सरकतो आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. एकदा जोराच्या धडकेत ताणला गेलेला पट्टा बदलावाच लागतो, धुऊन वापरता येत नाही.

पट्ट्यापाठोपाठ टायरांकडेही लक्ष गेलं ते समृद्धी महामार्गामुळे. शिर्डीपासून भरवीरपर्यंतचा टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला, इगतपुरीपर्यंत मार्च २०२४ मध्ये, आणि जून २०२५ ला शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटर पुरे झाले. सिमेंटचा सरळ रस्ता, मोटारींना १२० ची मुभा. २०२३ मध्ये तिथे प्रवेशालाच टायर तपासून, घासलेले असतील तर गाड्या परत पाठवायला सुरुवात झाली. टायरच्या खोबणीच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की १.६ मिलीमीटर उरलं, टायर संपला. त्याआधी बाजूवरचे चार आकडे वाचावेत: ३५२१ म्हणजे २०२१ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला टायर. फुटण्यामागे मात्र बहुधा जास्त हवा नसून कमी हवा असते. बाजू सतत दुमडते, तापते आणि आतले थर सुटतात. हवा गाडी थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा पाहून भरावी. तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडू नये. नायट्रोजनचं फार कौतुक नको, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो.

स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाक बनत होतं. आता काही मोटारींत ती पातळ मिळते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती लावलेली असेल तर सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढताना डाव्या मार्गिकेत राहावं, आणि पुढच्या पंक्चरवाल्याकडे मूळ चाक बसवून घ्यावं.