ते रक्त नव्हे, मायफळ आहे

मागच्या आठवड्यात आमच्या एका ग्रुपवर एक फोटो फिरत होता. पिवळट चामड्याचं पान, त्यावर वळणावळणाची जर्मन अक्षरं, खाली लाकडी डबीत लोंबणारं मेणाचं सील, आणि सोबत मेसेज की हा एका जर्मन राजाने स्वतःच्या रक्ताने लिहून दिलेला जमिनीचा करार आहे. अक्षरं तपकिरी आहेत हे खरं, वाळलेल्या रक्तासारखी दिसतात हेही खरं. पण ते रक्त नाहीये. आणि जे आहे ते रक्तापेक्षा कितीतरी भारी आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

असे कागद म्हणजे बहुतेक साधी खरेदीखतं असतात, जर्मनमध्ये काउफब्रीफ. एका शेतकऱ्याने दुसऱ्याला शेत किंवा घर विकलं, स्थानिक अधिकाऱ्याने राजाच्या नावाने ते लिहून दिलं आणि सील लावलं. लिहायला शाई कुठली? युरोपात शेकडो वर्षं एकच मुख्य शाई होती आणि तिचं अर्धं सामान आपल्याकडे बाळगुटीच्या डब्यात असतं. मायफळ! नावात फळ असलं तरी ते फळ नाही बरं का. ओकच्या कोवळ्या अंकुरात एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते, झाड त्या अळीभोवती गाठ वाढवतं, ती कडक गाठ म्हणजे मायफळ. त्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं, म्हणून तर ते जिभेला एवढं तुरट लागतं. दुसरं सामान हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यात बाभळीच्या जातीचा डिंक आणि पाणी किंवा वाइन घातलं की शाई तयार.

आता माझा आवडता भाग. ही शाई दौतीत असते तेव्हा फिकट असते, काळी होते ती लिहिल्यावर. हिराकसमधलं लोह फेरस असतं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं, आणि ते टॅनिनमधून सुटलेल्या गॅलिक ॲसिडसोबत पाण्यात विरघळलेलंच राहतं, त्यामुळे पातळ शाई चामड्याच्या किंवा कागदाच्या तंतूंमध्ये आतपर्यंत झिरपते. मग हवेतला ऑक्सिजन लोहाचा तिसरा इलेक्ट्रॉन काढून घेतो, फेरसचं फेरिक होतं, गॅलिक ॲसिडच्या शेजारशेजारच्या ऑक्सिजन अणूंनी ते लोह चिमट्यासारखं पकडलं जातं आणि न विरघळणारा संयुग तयार होतो. त्या पकडीत इलेक्ट्रॉन ॲसिडकडून लोहाकडे उडी मारू शकतो, त्या उडीसाठी दिसणाऱ्या प्रकाशातला मोठा भाग शोषला जातो, म्हणून डोळ्याला काळं दिसतं. म्हणजे रंग वर बसत नाही, तंतूच्या आतच जन्माला येतो. पुसून जात नाही, धुऊन जात नाही, काढायचाच तर चाकूने चामडं खरवडावं लागतं आणि खरवडलेलं दिसतं. जमिनीच्या कागदाला याहून चांगली शाई कुठली?

मी घरी करून पाहिलं. लोखंडी खिळा चार दिवस व्हिनेगरमध्ये ठेवला, सहाणेवर मायफळ उगाळलं, दोन्ही मिसळून काडीने नाव लिहिलं. आधी फिकट करडं दिसलं, सकाळी बघतो तर निळसर काळं! नळाखाली धरलं तरी अक्षर हललं नाही.

पुढे दोन-तीनशे वर्षांत हा काळा संयुग हळूहळू मोडतो आणि उरतात लोहाची तपकिरी संयुगं, गंजाच्या नात्यातली. ग्रुपवरचं 'रक्त' ते हे. आपल्या मोडी कागदांवरची काजळाची शाई मात्र कार्बनची, ती काळीच राहते. इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली मायफळाची शाई जवळजवळ गायब होते, कार्बनची ठसठशीत दिसत राहते, आणि अल्ट्राव्हायोलेटखाली उलट मजा, चामडं चमकतं आणि पुसट झालेली लोहाची अक्षरं गडद उठून येतात.

या शाईचा एक शाप आहे आणि तो भुताखेतांचा नाही, केमिस्ट्रीचा आहे. शाई बनताना सल्फ्युरिक ॲसिड सुटतं आणि जास्तीचं फेरस लोह कागदाच्या तंतूंतल्या सेल्युलोजच्या साखळ्या तुटायला मदत करतं. कागद अक्षराच्या रेषेवरच जळल्यासारखा फाटतो. जर्मन संगीतकार बाखच्या स्वतःच्या हातची संगीताची पानं बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात अशीच खाल्ली गेली होती, ती वाचवायला एकेक कागद जाडीत उभा चिरून मध्ये मजबूत कागद घालावा लागला. चामड्याची खतं त्यामानाने टिकली, कारण लिहायचं चामडं तयार करताना ते चुन्याच्या पाण्यात भिजवतात आणि तो उरलेला चुना ॲसिड मारत राहतो.

आणि राजा? त्याने ते खत बहुतेक पाहिलंही नसेल. पण त्याची पदवी वाचून तारीख तपासता येते आणि हे मला शाईइतकंच आवडतं. ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याचा फ्रीडरिश १७०१ मध्ये राजा झाला तो 'प्रशियामधला राजा' म्हणून, 'प्रशियाचा राजा' नव्हे, कारण प्रशियाचा पश्चिम भाग पोलंडच्या राजाकडे होता. तो भाग १७७२ च्या पोलंडच्या फाळणीत फ्रीडरिश दुसऱ्याने घेतला आणि तेव्हापासून तो 'प्रशियाचा राजा' लिहू लागला. म्हणजे १७५० च्या अधिकृत खतात 'प्रशियाचा राजा' दिसला की शंका घ्यायची. तसंच बहुतेक प्रोटेस्टंट जर्मन राज्यांनी १७०० मध्ये कॅलेंडर बदललं, १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च, त्यामुळे तिथल्या कुठल्या खतावर २५ फेब्रुवारी १७०० असेल तर ते कुणीतरी नंतर बनवलंय. कॅथलिक बव्हेरियात मात्र ती तारीख बरोबर, त्यांनी कॅलेंडर आधीच बदललं होतं.

खोटे कागद राजेलोकही बनवायचे. ऑस्ट्रियाच्या रुडोल्फ चौथ्याने १३५८-५९ च्या सुमारास जुने हक्क दाखवणारी सनदांची गड्डीच तयार करवली, त्यात चक्क ज्युलियस सीझर आणि नीरोची पत्रं होती. सम्राट चार्ल्स चौथ्याने ती कवी पेत्रार्ककडे पाठवली आणि त्याने १३६१ मध्ये कळवलं की सीझर स्वतःला असं 'आम्ही' म्हणत नसे, हे बनावट आहे. सनदा मात्र कामी आल्याच, १४५३ मध्ये रुडोल्फच्याच घराण्यातल्या सम्राट फ्रीडरिश तिसऱ्याने त्यांना मान्यता दिली.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की रक्त नाही, मायफळ आणि हिराकस आहे. लगेच मावशीचा फोन, बाळाला मायफळ द्यायचं की नाही? तिला म्हटलं ते डॉक्टरांना विचार, पण खिळ्याच्या पाण्यात टाकून एकदा बघच.