जास्त अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरने सर्किट जळतं का?

वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला असा: १ अँपिअरच्या सर्किटला ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला, तर जादा करंट घुसून ते जळतं.

तसं होत नाही. अ‍ॅडॉप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे त्याची कमाल क्षमता. सर्किट गरजेपुरताच करंट ओढतं. जुळायला हवा तो व्होल्टेज, आणि प्लस-मायनस.

पडताळायला ४७ ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर घ्या. मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, रेझिस्टरच्या सिरीजमध्ये (एकामागोमाग) जोडा. (थेट अ‍ॅडॉप्टरच्या दोन टोकांना लावाल तर शॉर्ट होईल.) ५ व्होल्टचे दोन अ‍ॅडॉप्टर, एक १ अँपिअरचा आणि एक ३ अँपिअरचा, आळीपाळीने लावा, दोन्ही वेळा साधारण ०.१ अँपिअरच दिसेल.

भीतीला थोडा आधार मात्र आहे. जुने, जड ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टर अनरेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर न ठेवणारे) असले, तर लोड कमी असताना, म्हणजे सर्किट कमी करंट ओढत असताना, १२ च्या जागी १६ व्होल्टही देतात. तिथे जाळतो तो व्होल्टेज. म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर व्होल्टच्या सॉकेटवर घेऊन डीसी २० व्होल्ट रेंजवर व्होल्टेज मोजाच. शिवाय शॉर्ट झाल्यास मोठा अ‍ॅडॉप्टर वायर जास्त तापवू शकतो. सर्किट १ अँपिअरचं असेल तर प्लसच्या वायरमध्ये १.५ अँपिअरचा फ्यूज टाका.