क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन: शिकवणारा एक, वाद्यं दोन

सोप्रानो सॅक्सोफोन सरळ नळीचा असतो. लांबून पाहिला तर पितळेचं क्लॅरिनेटच वाटतो. दोन्ही वाद्यांना एकेरी रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी), बोटांची ठेवणही बरीच सारखी. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच लहान विद्यापीठांत दोन्हींसाठी मिळून एकच प्राध्यापक असतो. त्यामुळे एक आलं की दुसरं आपोआप येतं, असा समज होतो. बोटांपुरता तो बऱ्यापैकी खरा आहे. ओठांपुरता नाही, आणि पोटापाण्यापुरता तर मुळीच नाही.

खरा फरक नळीच्या पोकळीत आहे. क्लॅरिनेटची पोकळी जवळपास सारख्या रुंदीची, सॅक्सोफोनची कर्ण्याकडे रुंदावत जाणारी. सॅक्सोफोनवर सा धरून अंगठ्याची कळ दाबली की वरच्या सप्तकातला सा मिळतो. क्लॅरिनेटवर हेच केलं की वरच्या सप्तकातला पंचम! म्हणजे खालच्या आणि वरच्या सप्तकांतल्या एकाच सुराला बोटं वेगळी. या दोन टप्प्यांमधल्या सांध्याला वादक ‘ब्रेक’ म्हणतात. एका सुरावर जवळपास सगळी बोटं मोकळी, पुढच्याच सुरावर जवळपास सगळी बंद. त्यात बरीचशी भोकं थेट बोटांनीच झाकायची, त्यामुळे एखादं बोट तसूभर सरकलं तरी वाद्य किंचाळतं. सॅक्सोफोनवर झाकायचं काम पॅड करतात, म्हणून सुरुवातीला तो सोपा वाटतो.

ओठांची परीक्षा शिक्षक मोठ्या युक्तीने घेतात. आल्टो (मध्यम आकाराच्या) सॅक्सोफोनचं नुसतं माउथपीस फुंकायला लावतात. साधारण पाश्चात्त्य स्वरलिपीतला ए सूर यायला हवा. क्लॅरिनेटच्या माउथपीसला बॅरल (त्याखालचा नळीचा आखूड तुकडा) जोडून फुंकलं तर एफ शार्प. क्लॅरिनेटवाला सॅक्सोफोनवर आला की सवयीने ओठ आवळतो, सूर चढतो, आवाज चिमटल्यासारखा येतो. उलट दिशेने येणाऱ्याचा सूर उतरतो आणि पसरट होतो. म्हणून दोन्ही शिकायची असतील तर माझं मत क्लॅरिनेट आधी, असं. ओठ सैल सोडायला शिकणं त्या मानाने सोपं.

करिअरच्या वाटा मात्र इतिहासानेच वेगळ्या केल्या. न्यूरेंबर्गच्या डेनरने १७००च्या सुमारास क्लॅरिनेट घडवलं, १७९१मध्ये मोझार्टने त्याच्यासाठी कन्चेर्तो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) लिहिला आणि ऑर्केस्ट्रात त्याच्या खुर्च्या कायमच्या झाल्या. अडॉल्फ सॅक्सला सॅक्सोफोनचं पेटंट मिळालं १८४६मध्ये. तोवर तिथली मांडणी ठरून गेली होती. रॅव्हेलच्या ‘बोलेरो’सारख्या (१९२८) रचनांत तो येतो, पण पाहुणा म्हणून. पॅरिस कॉन्झर्व्हेटॉर या संगीत विद्यालयात खुद्द सॅक्स १८५७पासून शिकवत होता. तो वर्ग १८७०मध्ये बंद पडला आणि सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूलच्या हाताखाली पुन्हा सुरू व्हायला १९४२ उजाडलं.

त्यामुळे क्लॅरिनेटचा विद्यार्थी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनसाठी ठरावीक उतारे वर्षानुवर्षं घोटतो. सॅक्सोफोनवाल्याला तशी नोकरी जवळपास नाहीच. तो चार सॅक्सोफोनची चौकडी उभी करतो, विंड बँडमध्ये (मुख्यतः फुंकवाद्यांच्या वृंदात) किंवा जॅझमध्ये वाजवतो, हयात संगीतकारांकडून नव्या रचना लिहून घेतो. विद्यापीठातली जागा ही त्याच्यासाठी बहुधा स्थिर उत्पन्नाची एकमेव वाट.

दोन्ही हातखंडा असण्याचे पैसे मिळतात ते म्युझिकल नाटकांच्या वादकवृंदात. तिथे एका वादकाच्या वहीत क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, कधी बासरीसुद्धा असते. चार मात्रांची विश्रांती मिळते. तेवढ्यात टेनर सॅक्सोफोन स्टँडवर ठेवायचा, क्लॅरिनेटची वाळलेली रीड जिभेने ओली करायची, ओठ बदलायचे आणि पहिलाच सूर नेमका लावायचा.