टाकळा कुंडीत आला त्यामागे

टाकळ्याचं बी पैसे देऊन आणलं आणि कुंडीत पेरलं, असं माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. टाकळा ही पेरायची वस्तूच नव्हे. मृगाच्या दोन सरी पडल्या की तो परसात, बांधावर, उकिरड्याच्या कडेला आपसूक उठतो. आपण फक्त कोवळा पाला खुडायला जायचं. आता मात्र मुंबईतल्या गच्च्यांवर आणि खिडक्यांच्या ग्रिलमध्ये जूनमध्ये टाकळ्याच्या कुंड्या भरल्या जातात. आठ-दहा दिवसांनी तक्रारही ठरलेली असते: रात्रभर भिजवलं, पेरलं, पाणी घातलं, पण रुजलंच नाही.

ही भाजी जितकी फुकटची, तितकी तिची नावं मात्र भारदस्त. संस्कृतात चक्रमर्द, प्रपुन्नाट, एडगज, दद्रुघ्न. दद्रु म्हणजे आपला नायटा, त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय त्वचारोगांवरच्या लेपांनी सुरू होतो आणि त्यात पहिलंच नाव आरग्वधाचं, म्हणजे बहाव्याचं, तर लगेच दुसरं एडगजाचं. आजच्या वनस्पतिशास्त्रातही बहावा आणि टाकळा जवळचे भाऊबंद आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ साली त्याला ‘कॅसिया तोरा’ म्हटलं, त्यातलं ‘तोरा’ हे सिंहली नाव. पुढे त्याची रवानगी ‘सेना’ या प्रजातीत झाली. लोकांनी यातलं काहीच मनावर घेतलं नाही. मालवणीत तो टायकळा, गोव्यात तायकिळो, विदर्भात तरोटा, आणि मुंबईतल्या गुजराती शेजाऱ्यांचा कुवाडियो.

नायट्याचा आणि मुंबईचा संबंध जुना आहे. चार महिने ओले कपडे अंगावर वाळवणाऱ्या शहरात दुसरं काय होणार! १८६०च्या दशकात इथे नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर पूड खपायची. पोर्तुगीज व्यापारातून ती येते एवढंच लोकांना ठाऊक होतं, कशाची असते हे कुणी सांगत नसे. पुढच्या दशकात उलगडा झाला की ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून निघते. तिच्यातलं क्रायसारोबिन हे औषधी द्रव्य क्रायसोफेनॉल या द्रव्याच्या अगदी जवळचं, आणि क्रायसोफेनॉल टाकळ्याच्या बियांत असतं. म्हणजे ज्या जातीच्या द्रव्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून पूड आणली जात होती, ते द्रव्य पावसाळ्यात गटाराकडेला उगवत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत राहून इथल्या औषधी वनस्पतींची तपशीलवार नोंद करणारे विल्यम डायमॉक यांच्या ग्रंथात टाकळाही आहे.

बियांचे उपयोग इतरत्रही झाले. तमिळ भागात नीळ आंबवण्याच्या रांजणात टाकळ्याचं बी उकळून घालत. भाजून दळलं की कॉफीला पर्याय म्हणून चालतं. आज त्यापासून काढलेला गोंद खाद्यपदार्थ घट्ट करायला वापरतात, युरोपात त्याला ई ४२७ हा क्रमांक आहे. तरी बाजारासाठी बी गोळा करणं वेगळं आणि भाजीसाठी पेरणं वेगळं. पेरण्याची गरजच नव्हती.

मुंबईत टाकळा भाजी म्हणून टिकला तो मुख्यतः कोकणी माणसामुळे. १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली, मग गिरण्या वाढत गेल्या आणि रत्नागिरीकडची माणसं लोंढ्याने परळ-लालबागला आली. जिभेची सवय सोबत आली. कांदा, लसूण, हिरवी मिरची, फणसाच्या चार ठेचलेल्या आठळ्या, वरून ओलं खोबरं: पहिल्या पावसाची ही भाजी चाळीत झाली नाही तर पावसाळा लागल्यासारखा वाटत नसे. पाला आसपासच मिळायचा. उपनगरांत तेव्हा भातशेती होती, गवताळ माळ होते, आणि पाड्यांवरच्या वारली, मल्हार कोळी बायकांना कुठे काय उगवतं ते पाठ होतं. शिवाय जनावरं टाकळ्याला तोंड लावत नाहीत, त्याचा वास त्यांना खपत नाही. त्यामुळे चराईच्या जागेत बाकी सगळं खुडलं जातं आणि हाच माजतो. १९४९ साली गोरेगावला आरे दुग्ध वसाहत झाली, हजारो म्हशी आल्या. टाकळ्याला याहून सोयीचा शेजार कुठला?

मग माळ गेले. शेतं इमारतींखाली गेली, उरलेल्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसले. आजही जुलैत दादर स्टेशनबाहेर वसई-पालघरकडच्या बायका टाकळ्याचे वाटे लावून बसतात, आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. पण रुळांलगतचा किंवा नाल्याकाठचा पाला खावा का, ही शंका रास्त आहे. पालेभाजीत मातीतलं शिसं आणि नाल्यातली घाण दोन्ही येऊ शकतात. गच्चीवरच्या कुंडीचा जन्म या शंकेतून झाला, हौसेतून कमी. आपली माती, आपलं पाणी, मग निर्धास्त खावं.

इथे बी आडवं येतं. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, बारीक, वाकलेली असते. आतलं बी तपकिरी, चकचकीत, दोन्ही टोकांना तिरकं कापल्यासारखं. ती चकाकी फसवी आहे. वरचा थर इतका घट्ट असतो की पाणी आत शिरतच नाही, मग तुम्ही रात्रभर भिजवा नाहीतर दोन दिवस. रानात हे काम एप्रिल-मेचं ऊन करतं. तापलेल्या मातीत दिवसा भाजून आणि रात्री निवून सालीला बारीक भेगा पडतात. त्याही सगळ्या बियांना एकदम पडत नाहीत. काही बी यंदा रुजतं, काही मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पहिल्या पावसाने दगा दिला तरी वंश बुडत नाही. शेतकरी ज्या बियाण्याला नावं ठेवील, तेच रानात शहाणपणाचं.

कुंडीत ते ऊन आपण उसनं आणायचं. बी पॉलिश पेपरवर चकाकी जाईपर्यंत घासायचं, किंवा गॅसवरून उतरवलेलं गरम पाणी ओतून त्यातच रात्रभर ठेवायचं. सकाळी जे फुगून दुप्पट झालं असेल तेवढंच पेरायचं, बाकीच्याला पुन्हा गरम पाणी. अर्धा इंच खोल पुरलं आणि ऊन मिळालं की आठवड्याच्या आत मोड वर दिसतो. एक गोष्ट बहुतेकांना चकवते. शेंगवर्गातला असूनही टाकळ्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत, तेव्हा ‘कडधान्याचा भाऊ आहे, खत कशाला’ असं म्हणून चालत नाही. थोडं शेणखत हवंच.

ओळखीबद्दल मात्र सावध राहावं. टाकळ्याच्या पानाला दलांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, सहसा तीन जोड्या असतात, टोकाकडे रुंद आणि गोलसर, संध्याकाळी त्या मिटतात. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं रानझाड म्हणजे कासविंदा, त्याची दलं टोकदार असतात. काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणत असल्याने घोळ वाढतो, आणि त्याच्या कच्च्या शेंगा-बिया पोटात जाणं मुलांच्या जिवावर बेतलेलं आहे. खऱ्या टाकळ्याचाही फक्त कोवळा पाला खायचा, वीतभर उंचीच्या आत. त्याच्या गुणांत रेचकपणाही आहे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ताटभर नको. नायट्याला लावायचं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना विचारून.

श्रावण संपत आला की पाला निबर होतो आणि पिवळी फुलं लागतात. तेव्हा एक-दोन झाडं न खुडता ठेवायची. दिवाळीनंतर शेंगा सुकतात, तडकतात, आणि बी आजूबाजूला सांडतं. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात टाकळा दोन कुंड्यांत पेरला होता. यंदा जूनमध्ये तो खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत उगवला, न घासता, न भिजवता. त्यांनी तो उपटला नाही. भाजी केली, आणि वाटीभर मला आणून दिली.