स्टेरॉइडची गोळी अचानक का थांबवायची नाही?

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या चिठ्ठीवर डॉक्टर दोन गोष्टी हमखास लिहितात: ‘सकाळी, नाश्त्यानंतर’ आणि खाली डोसचे उतरत जाणारे आकडे, ४०, ३०, २०, १० मिलिग्रॅम. बरं वाटू लागलं की अनेक जण ते आकडे सोडून गोळीच बंद करतात. मला याची फार काळजी वाटते, कारण त्या उतरत्या आकड्यांमागे माणसांचे जीव गेलेले आहेत.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. १९२९ साली तिथले डॉक्टर फिलिप हेंच यांच्या लक्षात आलं, की कावीळ झालेल्या एका रुग्णाचा आमवात कमी झाला. गरोदरपणातही अनेक स्त्रियांचे सांधे मोकळे होत. शरीरच काहीतरी बनवत असणार, या विचाराचा त्यांनी वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. तिथेच एडवर्ड केंडल मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधले पदार्थ वेगळे करत होते. त्यातलं एक ‘संयुग ई’, म्हणजेच कॉर्टिसोन हे स्टेरॉइड. मर्क कंपनीने बैलाच्या पित्तापासून मोठ्या खटाटोपाने ते थोडंसं तयार केलं. २१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला त्याचं पहिलं इंजेक्शन मिळालं. रोज १०० मिलिग्रॅम. काही दिवसांतच ती चालू लागली, बाजारात जाऊन खरेदी करून आली. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं.

पण तो डोस शरीर स्वतः रोज बनवतं त्याच्या निदान चौपट होता. चेहरे गोल सुजू लागले, साखर आणि रक्तदाब वाढले, हाडं ठिसूळ झाली, काहींचं मानसिक संतुलन ढळलं. औषध थांबवलं की दुखणं परत यायचं.

त्याहून गंभीर बाब १९५२ साली समोर आली. आमवातासाठी कित्येक महिने कॉर्टिसोन घेणाऱ्या ३४ वर्षांच्या एका माणसाची खुब्याची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी औषध थांबवलेलं होतं. शस्त्रक्रियेनंतर काही तासांत रक्तदाब कोसळून तो गेला. शवविच्छेदनात अ‍ॅड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या दिसल्या.

कारण असं, की बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अ‍ॅड्रिनलला हुकूम देणं थांबवते. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं तर अ‍ॅड्रिनलला पुन्हा कामाला लागायला आठवडे, कधी कधी महिनेही लागतात. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. मोठा ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया असेल तर उलट तो तात्पुरता वाढवावाही लागतो, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. सकाळची वेळही याच हिशेबातली: शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, कॉर्टिसोल, पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं.

१९५५ साली बाजारात आलेल्या प्रेडनिसोन-प्रेडनिसोलोनने शरीरात मीठ-पाणी साचणं कमी झालं, ग्रंथी झोपी जाण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. औषध स्वस्त झालं ते अपजॉन कंपनीच्या संशोधकांमुळे. १९५२ साली त्यांनी निर्मितीतली सर्वांत अवघड पायरी ऱ्हायझोपस नावाच्या बुरशीकडून करून घेतली.

हीच ऱ्हायझोपस आपल्याकडे वेगळ्या रूपात आली. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं, की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं तर मृत्यू कमी होतात. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेकांनी पहिल्या दिवसापासून घरीच गोळ्या सुरू केल्या, काहींनी कितीतरी जास्त घेतल्या. आधीच मधुमेह, त्यात स्टेरॉइडने चढलेली साखर. म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘काळ्या बुरशी’च्या आजाराने, महाराष्ट्रात कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले. या आजारामागची सर्वांत नेहमीची बुरशी ऱ्हायझोपस गटातलीच.

डॉक्टरांनी योग्य वेळी, योग्य मापात दिलेल्या याच औषधाने दम्याचे, ल्युपसचे, मूत्रपिंडाचे असंख्य रुग्ण वाचवले आहेत, त्यामुळे भीतीपोटी ते नाकारणंही घातकच. घेत असाल तर गोळीचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा. दात काढायला गेलात तरी ती दाखवा.